तरवडाची रोपे पाणी आणि खत देऊनही पिवळी पडत आहेत. लागवडीत नेमके काय चुकले?

प्रश्न | कोरडवाहू

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात आमच्या घरामागे दोन गुंठ्यांचा मुरमाड तुकडा आहे. त्याच्या बांधावर पूर्वी तरवड इतका दाट होता की दिवाळीच्या सुमारास तो बांध लांबूनही पिवळा दिसत असे. रस्ता रुंद झाला तेव्हा बांध गेला आणि त्याच्यासोबत तरवडही गेला. तो त्याच जागी पुन्हा उभा राहावा अशी फार इच्छा आहे. या वर्षी मी मनापासून प्रयत्न केला, परंतु हाती अपयशच आले आहे. म्हणून जे केले ते सविस्तर लिहितो.

जानेवारीत माळावरच्या झुडपांच्या वाळलेल्या शेंगा आणल्या. जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर पोयट्याची माती आणि शेणखत समप्रमाणात मिसळून लहान पिशव्यांत ४० बिया लावल्या. त्यांपैकी केवळ ७ उगवल्या, त्याही एकाच वेळी नव्हे. शेवटची बी तर ऑगस्ट अखेरीस वर आली. सप्टेंबरमध्ये दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे घेऊन ते काळी माती व शेणखताने भरले आणि त्यांत सहा रोपे लावली. सातवे रोप कुंडीत ठेवले. पाऊस थांबल्यापासून प्रत्येक रोपाला रोज सायंकाळी पाच-सहा लिटर पाणी देतो आहे. आता नोव्हेंबरमध्ये जमिनीतील रोपांची खालची पाने पिवळी पडून गळत आहेत आणि शेंडे माना टाकत आहेत. तीन रोपे तर गेलीच. कुंडीतील रोप मात्र दोन फूट वाढून हिरवेगार आहे, पण त्याला एकही कळी नाही, आणि गेल्या आठवड्यापासून त्याच्या पानांवर हिरव्या अळ्या दिसू लागल्या आहेत.

याशिवाय, दुसऱ्या एका रस्त्याच्या कामात उखडली जाणारी दोन मोठी झुडपे मी मुळांसह खणून आणली होती. ती आठ दिवसांत वाळली. जे झुडूप माळावर कोणाच्याही मदतीशिवाय उभे राहते, ते माझ्या हातून का जगू नये, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद | माळरान

आपण दिलेले वर्णन इतके नेमके आहे की रोपे न पाहताही कारणाचा बराचसा अंदाज येतो. रोपे तहानेने मरत नसून मुळांना हवा न मिळाल्याने मरत आहेत, असे मला वाटते. खालची पाने आधी पिवळी पडणे आणि माती ओली असूनही शेंडा मलूल होणे, ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली तर पाणी वाढवण्यापूर्वी मुळाशी हात घालून पाहावे. कोमेजलेले रोप पाहिले की आपण आणखी पाणी घालतो आणि मूळ कुजण्याची क्रिया अधिकच वेगाने होते.

आपला मुख्य दोष खड्ड्यात आहे, असे मी म्हणेन. कठीण मुरमात दीड फुटाचा खड्डा घेऊन त्यात पाणी धरून ठेवणारी काळी माती आणि शेणखत भरले, की तो खड्डा मातीने भरलेल्या हौदासारखा वागतो. वरून घातलेले पाणी भुसभुशीत भरावातून चटकन खाली जाते आणि मुरमाच्या घट्ट तळाशी येऊन थांबते. वरची दोन बोटे माती कोरडी दिसत असते, त्यामुळे आपण दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी देतो. खात्री करायची असल्यास शेजारी एक फूट खोल खड्डा घ्या, तो पाण्याने भरून जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी सकाळपर्यंत तळाशी शिल्लक असेल, तर तेथे निचरा नाही असे समजावे.

तरवडाची वाढण्याची रीत समजून घेतली तर पुढचे सगळे सोपे होते. बी रुजल्यावर हे झाड आधी खाली जाते. पहिल्या पावसाळ्यात वर वीतभर खोड आणि चार-सहा पाने दिसत असतात, तेव्हा त्याचे सोटमूळ त्याहून कितीतरी खोल, मुरमाच्या भेगांमधून ओल शोधत गेलेले असते. ५०० ते ६०० मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात ते एप्रिल-मे महिन्यांत हिरवे राहते ते या मुळाच्या बळावर. रोज वरच्या वर पाणी मिळाले तर मुळाला खाली जाण्याचे कारणच उरत नाही. ते भरावाच्या मातीतच गुंडाळत राहते, आणि पहिल्या कडक उन्हाळ्यात पाणी देण्यात चार दिवसांचा खंड पडला तरी असे रोप कोलमडते. बांधावरचा तरवड दुष्काळात तगतो, कारण लहानपणी त्याला थोडी ओढ सोसावी लागलेली असते.

मोठी झुडपे का वाळली याचे उत्तरही यातच आहे. वाढलेल्या तरवडाचे सोटमूळ खणताना हमखास तुटते, पाणी शोषणारी बारीक मुळे जागेवरच राहतात, आणि वर मात्र पूर्ण पानोरा असतो. उखडले जाणारच असलेले झुडूप वाचवण्याचा शेवटचा प्रयत्न म्हणून ते जमिनीपासून वीतभर ठेवून छाटावे आणि भर पावसाळ्यात हलवावे. तरीही ते जगेल अशी खात्री देता येत नाही. माळावर नीट उभी असलेली झुडपे मात्र कोणीही खणून आणू नयेत. तेथे एक झाड कमी होते आणि आपल्या दारातही ते जगत नाही.

उरलेल्या तीन रोपांसाठी आजच पाणी थांबवा. त्यांना उपटून दुसरीकडे लावू नका. उताराच्या बाजूने प्रत्येक खड्ड्याच्या तळापर्यंत पोहोचेल असा एक अरुंद चर काढा, म्हणजे साचलेले पाणी बाहेर पडेल. खोडाभोवतीचे शेणखत हलक्या हाताने बाजूला सारून तेथे मुरूम आणि लहान दगडगोटे पसरा. माती खाली बोटभर कोरडी झाली आणि नवी पालवी दिसली की आठ ते दहा दिवसांतून एकदा, पण एकाच वेळी भरपूर पाणी द्यावे. उन्हाळ्यात हे अंतर हळूहळू पंधरा दिवसांपर्यंत वाढवावे, आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाणी देणे पूर्ण बंद करावे. खत तर आत्ताही नको आणि नंतरही नको.

प्रतिसाद | बीजपेटी

माळरान यांनी मुळांविषयी लिहिले आहे, त्याला माझे अनुमोदन आहे. मी बियांपुरते लिहिते, कारण ४० पैकी ७ बिया उगवणे आणि त्याही तीन महिन्यांत विखरून उगवणे, यात आपले काहीच चुकलेले नाही. तरवडाची बी अशीच वागते.

या बीचे कवच इतके कठीण असते की त्यातून पाणी आत शिरत नाही, आणि पाणी शिरल्याशिवाय अंकुर हलत नाही. ऊन, माती आणि दगडांचे घर्षण यांनी कवच कोठेतरी झिजले की त्या बीचा क्रम लागतो. त्यामुळे एकाच शेंगेतील एक बी या पावसात रुजते, दुसरी पुढच्या वर्षी, तर तिसरी त्याहूनही उशिरा. अवर्षणाच्या प्रदेशात ही फार शहाणपणाची व्यवस्था आहे. जूनमध्ये एक सर येऊन पुढे महिनाभर पावसाने ओढ दिली, तर रुजलेली रोपे करपतील, पण न रुजलेल्या बिया मातीत सुरक्षित राहतील. आपल्याला मात्र रोपे एकाच वेळी हवी असतात, म्हणून ते कवच आपणच थोडे उघडावे लागते.

प्रथम बिया निवडून घ्या. तरवडाच्या शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ, साधारण तीन-चार इंच लांबीच्या असतात आणि एका शेंगेत बारा ते वीस बिया मिळू शकतात. परंतु लहान भुंगेरे शेंगेतच त्यांपैकी बऱ्याच बियांना भोके पाडतात. बिया पाण्यात टाकून तरंगणाऱ्या काढून टाकल्या की बहुतेक पोकळ बिया वेगळ्या होतात. उरलेल्या बियांसाठी दोन उपाय आहेत. बिया थोड्या असतील तर प्रत्येक बी पॉलिश पेपरवर एका बाजूने, तपकिरी कवचाखालचा फिकट रंग जेमतेम दिसेल इतकीच घासावी. ज्या टोकाला ती शेंगेला चिकटलेली असते ते टोक घासू नये, कारण अंकुर तेथून निघतो. बिया जास्त असतील तर पाणी उकळून आचेवरून खाली उतरवावे, दोन-तीन मिनिटे थांबावे, त्यात बिया सोडाव्यात आणि पाणी आपोआप थंड होऊ देऊन रात्रभर तशाच ठेवाव्यात. बिया पाण्यासोबत आचेवर उकळल्या तर त्या मरतात, एवढे लक्षात असू द्यावे. सकाळी फुगलेल्या बिया लगेच पेराव्यात, न फुगलेल्यांवर पुन्हा तोच उपाय करावा. रोपवाटिकांमध्ये तीव्र गंधकाम्लाचीही प्रक्रिया करतात, पण घरी तो धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही.

माझा आग्रह मात्र पिशवीपेक्षा थेट जागेवर पेरण्याचा आहे. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, माती खोलवर भिजल्यानंतर, जेथे झाड हवे आहे तेथेच मुरूम वीतभर सैल करून तीन-चार बिया एकत्र, अर्धा इंच खोलीवर टोकाव्यात आणि नंतर त्यांतील सर्वांत जोमदार रोप ठेवावे. पिशवी वापरायचीच असेल तर ती निदान एक फूट उंच असावी आणि रोप सहा ते आठ आठवड्यांचे होताच, मूळ तळाशी वळायच्या आत जमिनीत जावे. आपली रोपे लहान पिशवीत तीन महिने होती. त्यांची मुळे तेथेच वेटोळी झाली असण्याची शक्यता मोठी आहे.

एक विनंती: शेंगा गोळा करताना एका झुडपावरच्या सगळ्या कधीही काढू नयेत, आणि शक्य असेल तर दहा-बारा वेगवेगळ्या झुडपांवरून थोड्या थोड्या घ्याव्यात. तसेच ते झुडूप तरवडच आहे याची खात्री करावी, कारण पिवळ्या फुलांची परदेशी झुडपेही काही जण तरवड म्हणूनच देतात. पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी दोन मोठी गोलसर उपपर्णे दिसली आणि पानात दलांच्या आठ ते बारा जोड्या असल्या की शंका उरत नाही. सेना ऑरिक्युलाटा या शास्त्रीय नावातील दुसरा शब्द त्या कानांवरूनच आला आहे.

प्रतिसाद | गच्चीवरची बाग

कुंडीतील रोपाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. तरवड कुंडीत लावूच नये, असे मत मी अनेकदा वाचले आहे. ते मला पूर्णपणे मान्य नाही. माझ्याकडे गच्चीवर मोठ्या पिंपात लावलेले झुडूप चौथ्या वर्षात आहे आणि दर वर्षी फुलते. अर्थात ते बांधावरच्या झुडपाइतके भरदार कधीच होत नाही, आणि उन्हाळ्यात त्याला आठवड्यातून दोनदा पाणी द्यावेच लागते, कारण पिंपातले मूळ जाऊन जाऊन जाणार कोठे! ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांनी दोन फूट खोल पिंप, तळाशी मोठी भोके, आणि निम्मा मुरूम, पाव भाग वाळू व पाव भाग साधी माती एवढे केले तर निराशा होणार नाही. आपल्याकडे जमीन आहे, तेव्हा पुढच्या पावसात हे रोप मातीच्या गोळ्यासह अलगद जमिनीत उतरवणेच योग्य.

कळी न येण्याची कारणे दोन. एक तर रोप पाच महिन्यांचेच आहे आणि बियांपासून वाढवलेला तरवड बहुधा दुसऱ्या पावसाळ्यानंतर फुलतो. दुसरे कारण निम्मे शेणखत. इतक्या सकस मातीत तो पानेच पाने काढतो, फांद्या लांब आणि कमकुवत होतात, आणि फुले मागे पडतात. शिवाय त्याला दिवसभर ऊन लागते. चार-पाच तासांच्या उन्हावर तो जगेल, पण फुलणार नाही.

छाटणीला घाबरू नये, हेही सांगावेसे वाटते. तरवडाच्या सालीत टॅनिन भरपूर असल्यामुळे ती पूर्वापार कातडी कमावण्यासाठी काढली जात असे, आणि त्याचा पाला हिरवळीचे खत म्हणून शेतात गाडला जात असे; म्हणजे हे झुडूप वर्षानुवर्षे तोड सोसत आले आहे आणि बुडातून पुन्हा फुटत आले आहे. फुले फांद्यांच्या टोकांकडे येत असल्यामुळे जितके शेंडे अधिक तितका बहर अधिक. मे महिन्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, दोन वर्षांवरील झुडपाच्या फांद्या एक-तृतीयांश कमी कराव्यात. पहिल्या वर्षी मात्र कात्री लावू नये.

प्रतिसाद | पाकोळी

अळ्यांवर काहीही फवारू नका, कडुनिंबाचा अर्कसुद्धा नको, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पानाच्या मधल्या शिरेला समांतर बसणारी, अंगावर बाजूने फिकट रेघ असलेली सडपातळ हिरवी अळी असेल, तर ती बहुधा एमिग्रंट नावाने ओळखल्या जाणाऱ्या फुलपाखरांची असावी. पांढरट-पिवळसर रंगाची, वेगाने उडणारी ही फुलपाखरे तरवड, टाकळा, बहावा अशा एकाच कुळातील झाडांवर अंडी घालतात, कारण त्यांच्या अळ्यांना हीच पाने चालतात. निरोगी झुडपाची निम्मी पाने खाल्ली गेली तरी महिनाभरात ती भरून येतात. आपले रोप लहान आहे आणि ते पूर्ण निष्पर्ण होईल अशी भीती असेल, तर काही अळ्या पानासह उचलून माळावरच्या मोठ्या तरवडावर नेऊन सोडाव्यात, इतकेच पुरे.

फुले आल्यावर शेंगा का धरत नाहीत, असा प्रश्न पुढे आपल्याला पडू शकतो, म्हणून आधीच सांगते. तरवडाच्या फुलात मकरंद नसतो. भेट देणाऱ्याला मिळतात ते केवळ परागकण, आणि तेही सहजासहजी नाही. परागकोश लांबीतून उकलत नाहीत, तर त्यांच्या टोकाशी बारीक छिद्रे असतात. मोठा काळा सुतार भुंगा फुलाला घट्ट धरतो, पंख मिटून छातीचे स्नायू वेगाने थरथरवतो आणि त्या कंपनाने पराग छिद्रांतून बाहेर उडतात. मधल्या आखूड पुंकेसरांतील पराग तो खाण्यासाठी गोळा करतो, तर खालच्या लांब पुंकेसरांतले त्याच्या अंगावर अशा ठिकाणी बसतात की पुढच्या फुलाच्या कुक्षीला ते नेमके लागावेत. सकाळी फुललेल्या तरवडाजवळ शांत उभे राहिले की भुंग्याच्या उडण्याचा आवाज आणि फुलावर बसल्यावरचा तो चढा, तुटक गुंजारव यांतला फरक कानांना स्पष्ट कळतो. मला तरी हा आवाज ऐकल्याशिवाय तरवड पूर्ण फुलला असे वाटत नाही.

म्हणून केवळ झुडूप लावून भागत नाही. सुतार भुंगे वाळलेल्या लाकडात आणि बांबूच्या पोकळीत घर करतात. आपल्या दोन गुंठ्यांत एखादा वाळका ओंडका किंवा जुना बांबू न जाळता तसाच राहू दिला, तर त्यांची सोय होईल.

पुन्हा | कोरडवाहू

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. दहा दिवसांनी प्रत्यक्ष काय आढळले ते कळवतो. मेलेल्या तीन रोपांचे खड्डे उकरून पाहिले, तर वरची चार बोटे माती कोरडी होती आणि तळाशी अक्षरशः चिखल होता. मातीला कुजका वास येत होता. दोन रोपांची सोटमुळे काळी पडून सालपट निघत होते. तिसऱ्याचे मूळ पिशवीच्या आकारातच दोन वेढे घेऊन बसले होते, जमिनीत एक इंचही खाली गेले नव्हते. बीजपेटी यांनी न पाहता जे लिहिले ते जसेच्या तसे दिसले.

जिवंत रोपांच्या खड्ड्यांना चर काढले, पाणी थांबवले. एका रोपाला काल नवी पालवी दिसली, दुसरे आहे तसे आहे, तिसऱ्याची आशा थोडी आहे. अळ्या मोजल्या तर पाच होत्या. त्या तशाच ठेवल्या आहेत.

एक शंका उरते. तरवड शेंगा धरणाऱ्या कुळातील आहे, तेव्हा तो आपले नत्र स्वतःच मिळवतो आणि म्हणून त्याला खत लागत नाही, असे समजावे काय? तसे असेल तर त्याच्या भोवतालची जमीनही सुधारेल, अशी आशा वाटते.

प्रतिसाद | माळरान

हा समज फार पसरलेला आहे, पण तरवडाच्या बाबतीत तो लागू पडत नाही. हरभरा किंवा तूर उपटली की मुळांवर जशा गाठी दिसतात, तशा गाठी या गटातील झाडांच्या मुळांवर सहसा नसतात. त्यामुळे हवेतील नत्र जमिनीत आणण्याचे काम तो करत नाही. त्याला खत लागत नाही याचे कारण वेगळे आहे: मुळात त्याच्या गरजाच थोड्या आहेत आणि त्याचे खोल मूळ त्या भागवते. जमिनीला त्याचा लाभ होतो तो गळलेल्या पाल्यामुळे आणि उतारावरची माती मुळांनी धरून ठेवल्यामुळे. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे चराईच्या माळावरही त्याच्या आडोशाला गवत आणि इतर रानफुलांची रोपे टिकतात. बांधावर तरवड राखण्यामागे जुन्या शेतकऱ्यांचा हाच हिशेब असावा, असे मला नेहमी वाटते.

पुढच्या लागवडीत खड्डा घेऊच नका. पहारीने मुरूम सैल करा, त्याच जागेचा मुरूम त्याच जागी राहू द्या, आणि झुडपे चार ते पाच फूट अंतरावर येतील असे पाहा.

पुन्हा | कोरडवाहू

शंका फिटली. जानेवारीत पुन्हा शेंगा आणणार आहे, या वेळी निरनिराळ्या झुडपांवरून. निम्म्या बिया गरम पाण्यात भिजवून जूनमध्ये जागेवर टोकीन. उरलेल्या निम्म्या बियांना काहीच करणार नाही. त्या बांध होता त्या रेषेवर तशाच मुरमात मिसळीन आणि प्रत्येक जागी एकेक दगड ठेवीन, म्हणजे दोन-तीन वर्षे काही उगवले नाही तरी ती जागा कोणी उकरणार नाही.